ट्रंकेतली घडी, पेशीतली घडी



दसरा उलटला की लोणावळ्या-खंडाळ्याकडच्या घरांत एक काम हमखास निघतं. चार महिने धुवांधार पाऊस, भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास. मग एकदाचं कडक ऊन पडलं की ट्रंका बाहेर निघतात. शालू-पैठण्या झटकल्या जातात, घड्या मोडून नव्या घातल्या जातात, कारण एकाच घडीवर राहिलेलं रेशीम चिरतं. कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या घालून सगळं परत जागच्या जागी जातं. रोजचं वर, लग्नामुंजीचं तळाला. तळेगाव, वडगाव, कामशेत, कुठेही जा. मावळातल्या बायकांना ही विद्या शिकवावी लागत नाही.

आज या पानावर अशाच एका ट्रंकेबद्दल लिहायचं आहे. ती माळ्यावर नाही, आपल्या अंगात आहे. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एकेक. तिच्यात साडी नसते, डीएनए नावाचा धागा असतो. पण घडीची विद्या तीच.

तुम्ही म्हणाल, हे वाचून आमच्या संसारात काय फरक पडणार? भाजी-आमटीत नाही पडणार. पण ज्या घरात दोनदा-तीनदा दिवस राहिले आणि टिकले नाहीत, आणि सगळ्यांच्या नजरा एकट्या सुनेकडे वळल्या, त्या घरात नक्की पडेल. म्हणून जरा शेवटपर्यंत वाचा.

धागा किती, जागा किती?

डोळ्यांचा रंग, रक्तगट, पोटात अन्न पचवणारे रस, यांच्या सूचना ज्यावर चार रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या असतात तो हा धागा. माणसाच्या एका पेशीतला सगळा धागा ताणून सरळ केला, तर सुमारे २ मीटर भरतो. आणि तो राहतो कुठे? पेशीच्या केंद्रकात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले साधारण ६ भाग, एवढीच या केंद्रकाची रुंदी.

आकडे फार लहान झाले की डोळ्यांपुढे काही येत नाही. म्हणून सगळं एक लाख पट मोठं करून पाहू. धागा मग शिवणाच्या दोऱ्याइतका जाड होईल आणि त्याची लांबी होईल २०० किलोमीटर. म्हणजे लोणावळ्याहून पुण्याला जाऊन परत यायचं आणि पुन्हा एकदा पुणं गाठायचं, एवढा दोरा! केंद्रक होईल ६० सेंटिमीटर व्यासाच्या गोल पिंपाएवढं.

आता गंमत बघा. या पिंपात शंभर लिटरच्या वर पाणी मावेल. आणि तो २०० किलोमीटरचा दोरा, नुसता दोरा म्हणून मोजला, तर जागा व्यापतो जेमतेम सहा-सात लिटरची. म्हणजे दोरा मावण्याची खरी अडचण नाहीच. अडचण वेगळी आहे. एवढा दोरा कसाही कोंबला तर त्याचा गुंता होईल, आणि हवं ते टोक हव्या त्या क्षणी हाताला लागणार नाही. कपाट मोठं असून भागत नाही, नीट लावलेलं असावं लागतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

रिळं, कडी आणि खुंट्या

निसर्गाने यावर उपाय काढला आहे तो अगदी आपल्या शिवणाच्या डब्यातला. दोरा रिळावर गुंडाळायचा!

हिस्टोन नावाची प्रथिनं असतात. चार प्रकारची, प्रत्येकी दोन, अशी आठ मिळून एक रीळ होतं. धाग्याची १४७ अक्षरं या रिळाभोवती दीड ते पावणेदोन वेढे घेतात. मग थोडा मोकळा धागा, मग पुढचं रीळ. एका पेशीत अशी सुमारे ३ कोटी रिळं असतात. धाग्यावर ऋण विद्युतभार आणि रिळावर धन, म्हणून दोघं एकमेकांना धरून राहतात.

१९७४ साली एडा आणि डोनाल्ड ओलिन्स या संशोधक नवरा-बायकोने अमेरिकेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना दाखवली. दोऱ्यात मणी ओवावेत तशी ती दिसली. आपल्याकडची काळी पोत आठवा, थेट तसं चित्र. त्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्ग यांनी रिळाची घडण कशी असावी, ते मांडलं.

पण नुसत्या रिळांनी भागत नाही. पोत तशीच टाकली तर तिचाही गुंता होतो. म्हणून पुढची पायरी. कोहेसिन नावाचं प्रथिन असतं, बांगडीसारखं कडंच. धागा या कड्यातून ओढला जातो आणि त्याचा फास मोठा-मोठा होत जातो. ठरावीक ठिकाणी खुंटी मारल्यासारखी दुसरी प्रथिनं बसलेली असतात, तिथे तो थांबतो. त्यामुळे अक्षरांच्या ओळीत लांब असलेल्या दोन सूचना फासामुळे शेजारी-शेजारी येतात आणि एकमेकींच्या उपयोगी पडतात. साडीच्या निऱ्या घातल्या की हातभर अंतरावरचे दोन बुट्टे कसे एकमेकांजवळ येतात, तसंच.

या खुंट्यांचा अभ्यास आपल्या पुण्यातही झाला आहे. डॉ. संजीव गलांडे यांनी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आणि पुढे पाषाणच्या आयसर संस्थेत ‘सॅटबी-१’ या प्रथिनावर काम केलं. रोगांशी लढणाऱ्या टी-पेशींत हे प्रथिन धाग्याचे फास बांधून ठेवतं आणि कोणत्या सूचना चालू, कोणत्या बंद, यावर देखरेख करतं. २०१० साली डॉ. गलांडे यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

भातातला धागा, कांद्यातला धागा

हा धागा आणि ही रिळं केवळ माणसाची मिरास नव्हे. तुमच्या ताटातल्या भाताचीही गोष्ट तीच.

मावळातला इंद्रायणी तांदूळ आता घरोघरी गेला आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ या दोन वाणांच्या संकरातून तो तयार केला आणि १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहराचा वास हवा, पण रोप बुटकं आणि उतारा भरघोस हवा, म्हणून हे लग्न लावलं. लग्नच म्हणायचं, कारण रोपाच्या प्रत्येक पेशीत १२ गुणसूत्रं एका बाजूची आणि १२ दुसऱ्या बाजूची येतात. गुणसूत्र म्हणजे धाग्याचा एकेक स्वतंत्र, घडी घातलेला तुकडा. भाताच्या पेशीतला सगळा धागा वीतभर भरतो. भाताची ही सगळी अक्षरं २००५ साली वाचून पूर्ण झाली. त्या आंतरराष्ट्रीय कामात अकराव्या गुणसूत्राचा काही भाग भारताच्या वाट्याला आला होता.

आता कांदा घ्या. त्याच्या एका पेशीत १० मीटरच्या वर धागा असतो. नऊवारीहूनही लांब, आणि माणसाच्या पाचपट! म्हणजे धागा लांब तर प्राणी शहाणा, असं काही नाही.

हा धागा स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहता येतो. रविवारी मुलांना बसवून करा.

एक मध्यम कांदा बारीक चिरा. एका पातेल्यात अर्धा कप पाणी, पाव चमचा मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचा पातळ साबण हलक्या हाताने कालवा, फेस होऊ देऊ नका. त्यात कांदा घाला. हे पातेलं पंधरा मिनिटं चांगल्या गरम पाण्यात ठेवा. पाणी चटका बसेल इतकं गरम हवं, उकळतं नको. मग थंड पाण्यात ठेवून निववा. मिक्सरमधून फक्त पाच सेकंद फिरवा, जास्त फिरवलंत तर धागे तुटतात. पातळ मलमलीतून काचेच्या पेल्यात गाळा. औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट आधीच बर्फाच्या पाण्यात बाटली ठेवून गार करा आणि गाळलेल्या रसाइतकंच पेल्याच्या कडेने अगदी सावकाश सोडा, म्हणजे ते वर तरंगेल. दहा मिनिटांत दोन थरांच्या मध्ये पांढरे, पिंजलेल्या कापसासारखे तंतू वर येऊ लागतील. काडीने गुंडाळून उचलता येतात. हाच तो धागा. एक नव्हे, असंख्य पेशींतले मिळून, आणि सोबत कांद्याची थोडी इतर द्रव्यंही.

साबणाने पेशीचं तेलकट आवरण फोडलं. मिठाने धागा आणि प्रथिनं यांची एकमेकांवरची ओढ सैल केली. म्हणजे आपण ट्रंक उघडून घडी विसकटली. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा गॅस बंद असू द्या. आणि पेल्यातलं कुणी तोंडाला लावणार नाही याकडे लक्ष ठेवा. उरलेलं मोरीत ओतून भरपूर पाणी सोडा.

उघडी घडी, बंद घडी

तुमच्या यकृताच्या पेशीत जो धागा आहे तोच त्वचेच्या पेशीत आहे, अक्षर न् अक्षर जवळपास तेच. मग यकृत यकृतच का होतं? कारण प्रत्येक पेशी आपल्याला लागतं तेवढंच उघडं ठेवते आणि बाकीचं घट्ट घडी घालून तळाशी ठेवते. रिळांना बारीक शेपट्या असतात, त्यांवर रासायनिक खुणा केलेल्या असतात. इथे सैल सोड, इथे आवळून बांध. ट्रंकेवर आपण चिठ्ठी चिकटवतो ना, तशा. पेशीची दोन पिल्लं झाली की यांतल्या बऱ्याच खुणा त्यांच्याकडेही जातात. बंद ठेवलेली सूचना हरवलेली नसते, फक्त मिटलेली असते.

याचं सर्वांत ठळक उदाहरण खास स्त्रीच्याच शरीरात आहे. माणसाची गुणसूत्रं ४६, जोड्या २३. शेवटच्या जोडीत स्त्रीला दोन ‘एक्स’, पुरुषाला एक ‘एक्स’ आणि एक छोटं ‘वाय’. आईकडून बाळाला नेहमी एक्सच मिळतं. एक्स की वाय, हे पित्याच्या बीजावर ठरतं. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांना हे एकदा शांतपणे सांगायला हरकत नाही.

पण एक्सवर आठशेच्या वर जनुकं असतात. स्त्रीजवळ एक्स दोन, म्हणजे या सगळ्या सूचना पुरुषाच्या दुप्पट चालायला हव्यात. तसं होत नाही. गर्भ अगदी लहान असतानाच मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स आवळून बांधलं जातं. मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी इवर्ट बर्ट्रम यांनी १९४९ साली मांजरीच्या पेशीत हा गडद ठिपका पाहिला. पुढे १९६१ साली इंग्लंडच्या मेरी लायन यांनी सांगितलं की हे मिटवून ठेवलेलं एक्सच आहे, आणि कोणत्या पेशीत आईकडचं मिटेल, कोणत्या पेशीत वडिलांकडचं, हे दैवावर असतं. त्या पेशीच्या पुढच्या पिढ्या मात्र तेच एक्स मिटलेलं ठेवतात. मिटलेल्या एक्सवरचीही थोडी जनुकं उघडी राहतात, तो भाग वेगळा.

पुरावा हवा असेल तर दारात येणाऱ्या तिरंगी मांजरीकडे बघा. तिच्या एका एक्सवर काळ्या रंगाची सूचना असते, दुसऱ्यावर पिवळसर-तांबूस रंगाची. जिथे जे एक्स उघडं, तिथे तो ठिपका. पांढरा रंग दुसऱ्या जनुकाचा. म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते.

याचा घरगुती उपयोगही आहे. हिमोफिलिया या रक्त न गोठण्याच्या आजाराचा दोष एक्सवर असतो. आईजवळ एक एक्स सदोष, एक चांगलं असेल, तर तिच्या काही पेशींत चांगलं उघडं असतं, त्यामुळे तिचं बहुधा निभावतं. पण सदोष जास्त पेशींत उघडं राहिलं तर तिलाही रक्तस्राव जास्त होऊ शकतो. तुमच्या वडिलांना, भावाला किंवा मुलाला हा आजार असेल, तर बाळंतपणाआधी किंवा शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बिऱ्हाड हलवताना

एरवी धागा केंद्रकात सैलसर पसरलेला असतो. पण पेशीला दोन व्हायचं असलं की आधी धाग्याची दुसरी प्रत तयार होते आणि मग बिऱ्हाड हलवताना बांधाबांध करावी तसं प्रत्येक गुणसूत्र करकचून बांधलं जातं. आपलं सर्वांत मोठं गुणसूत्र साडेआठ सेंटिमीटर धाग्याचं. तो धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या गाठोड्यात येतो. याच वेळी गुणसूत्रं साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि मोजता येतात. ती ४६ आहेत हेही जगाला १९५६ सालीच नक्की कळलं, त्याआधी ४८ समजत.

आता सुरुवातीला म्हटलं तिथे येऊ. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ टिकत नाहीत, त्यांतल्या जवळपास निम्म्यांमध्ये गुणसूत्रांची वाटणी चुकलेली असते, एखादं जास्त, एखादं कमी. ही चूक बहुतेक वेळा गर्भ राहण्याच्या आधीच किंवा राहतानाच झालेली असते. तेव्हा अशा गर्भाच्या बाबतीत तू जिनाच का चढलीस, घाटातून प्रवासच का केलास, अमकंच का खाल्लंस, या प्रश्नांना काही अर्थ उरत नाही.

वयाबरोबर अशा चुका वाढतात, विशेषतः पस्तिशीनंतर, हेही खरं. त्याचं एक कारण मघाशी सांगितलेल्या कड्यांत आहे. तुम्ही आईच्या पोटात असतानाच तुमची बीजांडं तयार झाली आणि त्यांतली गुणसूत्रं कोहेसिनच्या कड्यांनी जोडीजोडीने धरून ठेवली गेली. तीस-पस्तीस वर्षं ही कडी धरून असतात. ती सैल झाली तर वाटणी चुकते. यात कुणाच्या वागण्याचा दोष नाही.

दुसरं एक कारण मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. ट्रंकेतल्या दोन साड्यांचे पदर कापून एकमेकींना जोडले, असं समजा. कापड गजभरही कमी झालं नाही. तसंच दोन गुणसूत्रांच्या टोकांची अदलाबदल झालेली असते. सूचना सगळ्या जागेवर, म्हणून माणूस धडधाकट. दर पाच-सहाशे माणसांत एखाद्याजवळ अशी अदलाबदल असते आणि त्याला पत्ताही नसतो. पण बीज तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं, आणि मग एक पदर दोनदा, दुसरा नाहीच, असा प्रकार होऊ शकतो. तो गर्भ टिकत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांत दोन ते पाच जोडप्यांत असं काही सापडतं. आणि ते पत्नीत असतं तसं पतीतही असतं!

तपासणी दोघांची

म्हणून दोन किंवा जास्त वेळा गर्भ गेला असेल, तर डॉक्टरांना एवढं विचारा: ‘आम्हा दोघांची गुणसूत्रं तपासायला हवीत का?’ या तपासणीला कॅरिओटाइप म्हणतात. थायरॉइड, साखर, गर्भाशयाची ठेवण अशी इतर कारणंही असतात, ती डॉक्टर पाहतीलच.

तपासणीत दंडाच्या शिरेतलं थोडं रक्त घेतात. उपाशी जावं लागत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन-तीन दिवस वाढवून, त्या बांधाबांधीच्या नेमक्या क्षणी थांबवतात आणि गुणसूत्रं मोजतात. पेशी जिवंत असायला हव्यात, म्हणून नमुना गोठवून चालत नाही आणि प्रयोगशाळेत वेळेवर पोचावा लागतो. निकालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. दुसऱ्या दिवशी आला नाही म्हणून घाबरू नका. निकालात पत्नीचं ‘४६, एक्सएक्स’ आणि पतीचं ‘४६, एक्सवाय’ असेल तर सर्व ठीक. काही वेगळं असेल तर जनुकीय समुपदेशकाकडे पाठवायला सांगा. अदलाबदल निघाली तरी धीर सोडू नका, अशा अनेक जोडप्यांना पुढे निरोगी मुलं झाली आहेत.

ही आई-वडिलांची तपासणी आहे. पोटातल्या बाळाचं लिंग सांगण्याशी तिचा संबंध नाही. ते सांगणं आणि विचारणं गुन्हा आहे. महाराष्ट्राने गर्भलिंग परीक्षेला आळा घालणारा कायदा १९८८ साली केला, देशाचा कायदा १९९४ सालचा.

घरात हा विषय काढायचा कसा, हा खरा प्रश्न. ‘यांचीही तपासणी करा’ म्हटलं की सासूबाईंना राग येतो. तेव्हा दोष हा शब्दच काढू नका. बाळात निम्मा धागा आईचा, निम्मा वडिलांचा. मग मोजायचा तर दोन्हीकडचा मोजायला हवा, इतकं साधं सांगा. आणि यजमानांना सोबत घेऊन जा. एकाच दिवशी, एकाच खेपेत दोघांचं रक्त देऊन या.